आधारचा वाटा

धुळे
१३ नोव्हेंबर १९८८, रविवार

प्रिय आधार,

तुला आणि सूनबाईला सलाम, एस्तेरला गोड पापा.

घरचा पत्ता तू कळवत नाहीस, म्हणून हे पत्रही डाळ मिलच्या पत्त्यावर टाकते आहे. तिथे सुपरवायझरचं टपाल आधी दहा जण उलटंपालटं करून बघतात, असं ऐकलं. बघोत. तुझी बहीण धुळ्यात मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन आहे, तोंडाने फटकळ आहे आणि भाऊ उत्तर देत नसला तरी लिहिते, एवढंच त्यांना कळेल.

दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्या आणि मी गावी जाऊन आले. माय बरी आहे. थोडा खोकला आहे, थंडीचा असेल. देवचंदची कपाशी बरी आली. त्याच्या बायकोने, लिलाबाईने, भाकरीबरोबर भरीत केलं होतं. तुझी आठवण काढली नाही कुणी. खोटं कशाला बोलू, काढली. आपल्या घरात ती रोज दिवेलागणीला निघतेच, तोंडाने कुणी काढत नाही इतकंच.

तुला आठवतं का रे, आबांनी स्तोत्राची वाटणी केली ते साल? काकांशी शेत वाटून घेतलं तेच. आपण तिघं भावंडं रोज भांडायचो, बायबलातलं पहिलं स्तोत्र आज कोण म्हणणार म्हणून. घरात बायबल एक. आबा मोठेपणी प्रचारकाकडे अक्षरं शिकलेले, बोट ठेवून वाचायचे. मायला तर अक्षर ठाऊक नाही. एक दिवस आबा वैतागले आणि म्हणाले, "शेत वाटायी गयं, आते हाई बी वाटी टाकू." त्या स्तोत्रात सहा वचनं. पहिलं आबांना, दुसरं मायला, तिसरं तुला, चौथं मला, पाचवं देवचंदला, आणि सहावं सगळ्यांनी मिळून, सामाईक विहिरीसारखं.

वाटणी न्यायाची झाली असं मी आजही म्हणणार नाही. तुला काय आलं, तर पाण्याच्या पाटाकाठी लावलेलं झाड, ज्याला हंगामात फळ येतं आणि ज्याचं पान वाळत नाही. मला काय आलं, तर वाऱ्याने उडणारा भुसा. नऊ वर्षांची मुलगी मी, सगळ्यांसमोर उभी राहून रोज भुसा म्हणायचा. मी रडले तर आबा म्हणाले, भुसा म्हणणारीला भुसा व्हायची भीती राहत नाही. ते खरं की खोटं माहीत नाही, पण मुलींची खोटी कारणं मी अजून दारातच उडवते.

आणि तू झाड मिळूनही ते धड म्हणायचा नाहीस. पुस्तकात फळ आधी आणि पान नंतर, तू रोज पान आधी म्हणायचास. आबा बोट उचलून म्हणायचे, "फळ पयले." दुसऱ्या दिवशी पुन्हा पान. शेवटी आबाच थकले.

हे सगळं तुला माहीत आहे. मग लिहिते कशाला? तुला माहीत नाही ते सांगायचं आहे म्हणून. तू गेलास त्यानंतरही वाटणी तशीच चालू आहे. दिवेलागणीला पहिलं वचन होतं, मग माय तिचं म्हणते, आणि मग सगळे थांबतात. तुझं वचन म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ घरात कुणी बोलत नाही. माय पदर तोंडावर ओढून घेते. पदर खाली आला की देवचंद मान हलवतो आणि मी नसले तर माझ्या सांगण्यावरून लिलाबाई माझा भुसा उडवते. भिंतीपलीकडे काकांचे गिरधरभाऊ खाटेवर बसलेले असतात. परवा तिथूनच म्हणाले, "काकू, आज बी तठेच गाडं थांबनं का?"

मला वाटायचं माय पदराआड रडते. पण पदर काढला की डोळे कोरडे असतात.

तुझी,
शेवंताअक्का

*

धुळे
२२ जानेवारी १९८९

प्रिय आधार,

सलाम.

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे चिठ्ठी नाही, तुरीच्या डाळीचं पोतं मिळालं. नाताळच्या आधी, मी गावी पोचले होते तेव्हा, चोपड्याच्या ट्रकवाल्याने आणून टाकलं, कोणाकडून विचारलं तर म्हणाला, "जळगावच्या साहेबांनी दिलं." साहेब झालास तर. मायने पोतं उघडून मूठभर डाळ सुपात घेतली, पाखडून पाहिली आणि म्हणाली, "डाळ चांगली शे. भुसा नही." सगळे माझ्याकडे बघून हसले. इतक्या वर्षांनी घरात तुझं काही आलं आणि पहिली थट्टा माझी झाली.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी चर्चचे नवे पाळकसाहेब भेटीला आले होते. नाशिककडचे आहेत, तरुण आहेत, अगदी गोड बोलतात. संध्याकाळपर्यंत थांबले म्हणून आपल्याबरोबर स्तोत्राला बसले. लिलाबाईचं झालं, मायचं झालं आणि आपण थांबलो. साहेबांना वाटलं म्हातारी विसरली. ते हसून म्हणाले, "असू द्या आजी, तिसरं वचन मी सांगतो," आणि सुरू झाले. मायने हात वर केला.

"सायेब, तुम्ही बसा. तो वाटा मना आंडोरना शे."

"मुलगा कुठे आहे?"

"जळगावले."

"मग तोपर्यंत दुसऱ्या कुणी म्हटलं तर?"

तेव्हा देवचंदने त्यांना आबांचा नियम सांगितला. आबा म्हणायचे, "मरेल माणूसना वाटा वारसले जास. जित्ता माणूसना वाटाले कोणी हात लावाना नही." म्हणूनच आबा गेल्यावर त्यांचं पहिलं वचन लिलाबाईकडे आलं, त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं. तुझं कुणाकडे गेलं नाही. जाताना साहेबांनी मायच्या पायांना हात लावला, पाळकाने असं करायचं असतं का कोण जाणे. माय संकोचून मागे सरकली.

टवाळांच्या बैठकीत बसू नये, असा आबांचा वाटा. घरात टवाळ एकटी मी, तरी ते माझ्या शेजारीच बसायचे.

आता तुला न आवडणारं लिहिते. कागद फाडायचा तर फाड, पण वाचून फाड.

विहिरीच्या खटल्यात, कोर्टाच्या दिवशी, तू आबांना जे बोललास ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. विहिरीत गिरधरभाऊंचं अर्धं पाणी, याचा कागद नव्हता. होता तो फक्त शब्द, काका मरताना आबांनी त्यांना दिलेला. वकिलाने आबांना सांगितलं होतं, आठवत नाही म्हणा. म्हटलं असतं तर पाणी सगळं आपलं झालं असतं आणि तू केळी लावणार होतास. खड्डेसुद्धा खणून ठेवले होतेस. आबा मात्र उभे राहून म्हणाले, "सायेब, मी शबद देयेल शे." बाहेर चिंचेखाली तू म्हणालास, "झाड लावायला सांगता आणि पाणी दुसऱ्याला देता." तुझ्या त्या बोलण्यात चूक काढायला मला आजही जमत नाही.

पण आबा घरात एक आणि बाहेर एक असे कधी नव्हते. कापूस विकायला नेताना वजन वाढावं म्हणून अर्धा गाव गाठोड्यावर पाणी शिंपडायचा. आपल्या गाडीला पाण्याचा हात लागायचा नाही. आपण दोघं गाडीवर बसून चिडायचो, आठवतं? माझ्या शाळेच्या झग्याचं कापड त्या न शिंपडलेल्या पाण्यातच वाहून गेलं असं मी म्हणायचे. पण व्यापारी आबांच्या कापसात हात घालून बघायचा नाही. "जीवरामभाऊचा आहे ना, टाका," एवढंच म्हणायचा. ते ऐकायला तू मुद्दाम तराजूजवळ जाऊन उभा राहायचास. माझ्या लक्षात आहे.

आबा गेले तेव्हा मे महिना होता, काळी जमीन दगडासारखी. तू आलास, मागे उभा राहिलास आणि स्तोत्र सुरू व्हायच्या आत एसटी पकडलीस. म्हणून तुला माहीत नसेल, कबर गिरधरभाऊंनी खणली. पहाटेपासून एकट्याने कुदळ मारत होते, देवचंदला हात लावू देईनात. आणि मागच्या उन्हाळ्यात आपली मोटर जळाली तेव्हा त्यांनी त्यांच्या पाळीचं पाणी आपल्या कपाशीला सोडलं. आपल्या शेतात ते उभेच होते पाटाशी, हातात फावडं घेऊन.

तुला परत बोलावण्यासाठी हे लिहीत नाही. पाणी कुठे गेलं ते तुला कळावं एवढ्यासाठी.

मायचा खोकला अजून आहे.

तुझी अक्का

ता. क. चर्चमध्ये पाय ठेवत नाहीस आणि मुलीचं नाव बायबलातलं, एस्तेर. तुझं मला काही कळत नाही.

*

गावाहून
४ एप्रिल १९८९

आधार,

मी वसतिगृहातून रजा काढून गावी आले आहे, यावरून तू ओळखलंच असशील.

खोकला थंडीचा नव्हता. मला दिवाळीतच माहीत होतं. मायने शपथ घातली नाही, आपल्यात शपथ घालत नाहीत, पण तिने माझा हात धरून ठेवला आणि म्हणाली आधारला लिहू नको, त्याला वाटेल मरणाची भीती घालून बोलावते. म्हणून मी खोकला खोकला लिहीत राहिले. चोपड्याच्या डॉक्टरांनी आता धुळ्याला नेण्यात अर्थ नाही म्हणून सांगितलं. छातीत पाणी झालं आहे. बसवलं तर श्वास लागतो, निजवलं तरी लागतो.

तिला काय हवं आहे ते मी विचारलं. मला वाटलं म्हणेल आधारने माफी मागावी, किंवा गिरधरशी बोलावं. ती म्हणाली, स्तोत्र एकदा पुरं ऐकायचं आहे. मधे न थांबता.

मी म्हटलं, मी वाचते ना. बायबल उशाशीच आहे. तिने मान वळवली. देवचंद म्हणाला मी म्हणतो, तर त्याच्यावर रागावली. तेवढी ताकद तिच्यात अजून आहे.

तू ये, असं ती म्हणत नाही. मी म्हणते. तुला कुणाशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. भाकर खायची नसेल तर खाऊ नकोस. दिवेलागणीला ये, तुझं म्हण आणि जा. जळगावहून चोपड्याची दुपारची एसटी मिळाली तर वेळेत पोचतोस.

लवकर ये रे.

अक्का

*

धुळे
२५ जून १९८९, रविवार

प्रिय आधार,

तुला, सूनबाईला आणि एस्तेरला सलाम.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पत्त्याच्या बाजूलाही लिहिलंस, पोस्टमन वैतागला असेल. आठ वर्षांचं एका कार्डात बसवायला गेलं की असंच होणार. वसतिगृहाच्या ऑफिसात उभी राहून वाचलं आणि मग कुणी बघू नये म्हणून कोठीत जाऊन तांदळाच्या पोत्यावर बसून पुन्हा वाचलं. खूप रडले. बरं वाटलं.

तू लिहितोस की मायला तू शेवटी लाजच आणलीस, एवढ्या लांबून येऊन आपला वाटा विसरलास. आधार, त्या संध्याकाळी तू मान खाली घालून बसला होतास. म्हणून जे झालं त्यातलं निम्मं तू पाहिलंच नाहीस. मी पाहिलं. ते तुला लिहायचं म्हणून आजच्या उपासनेनंतर जेवायलाही गेले नाही.

तू एस्तेरचा हात धरून दारात उभा राहिलास तेव्हा मायने तुझ्याकडे पाहिलं आणि तू काल शेतावर गेला होतास अशा आवाजात म्हणाली, "वना का? पाय धू." लिलाबाईने पाणी दिलं. दिवा लागला. एस्तेरला मी बायबल उघडून दिलं, पोरगी भराभर वाचते, तिला मी पान दाखवलं आणि बोट ठेवून बघत राहा म्हटलं. लिलाबाईचं झालं. मायने तिचं म्हटलं, मधे दोनदा श्वास घेऊन. देवाच्या वचनात ज्याला गोडी आहे, रात्रंदिवस जो त्याचंच मनन करतो, तो धन्य, असा तिचा वाटा. अक्षर न येणाऱ्या बाईला आबांनी तोच का दिला, हे मी लहानपणापासून नवलाने बघत आले.

मग तुझं आलं. तू "तो" म्हणालास आणि थांबलास. आम्हीही थांबलो. आम्हाला सवयच. तू म्हणालास, "माले याद नही ऱ्हायनं, माय." आणि मान खाली घातलीस.

"घाई नही भो," माय म्हणाली. "मी आठेच शे, कोठे जात नही."

आता ऐक. इतकी वर्षं त्या वेळी माय पदर ओढून घ्यायची. त्या दिवशी हात उचलवत नव्हता, पदर उशीवरच पडून राहिला. तू थांबलास, आम्ही थांबलो, आणि मी सवयीने तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. आवाज नाही. ओठ हलत होते, आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे श्वास घेऊन पुन्हा हलत होते. पदराआड ती कधी रडलीच नव्हती. आठ वर्षं रोज ती तुझं वचन मनात म्हणत होती. आम्ही ज्याला रिकामी जागा म्हणायचो ती एक दिवसही रिकामी नव्हती.

मोठ्याने मात्र तिने कधी म्हटलं नाही. तो तुझा वाटा होता.

त्या दिवशीही ती आपण होऊन म्हणेना. तू पुन्हा "तो" म्हणालास तेव्हा तिने फक्त पुढचा शब्द दिला, लहानपणी बोट धरायला द्यायची तसा. तू तो म्हटलास. तिने पुढचा दिला. पाट आला, पाणी आलं, झाड आलं. मग ती म्हणाली "पान", आणि तूही "पान" म्हणालास. तेवढ्यात एस्तेर पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "आजी, चुकलं. फळ आधी आहे."

मला हसू आलं. मायला पुस्तकातलं कुठलं ठाऊक. तिने जे ऐकलं ते तुझ्या तोंडून, सात वर्षांच्या आधारच्या तोंडून, आबांनी बोट उचलायच्या आधी. ती एस्तेरला म्हणाली, "तुना बापनी माले असंच शिकाडेल शे."

तेव्हा तू रडलास ते मायने पाहिलं. तिला वाईट वाटलं नाही रे, ती हसत होती. तू वर पाहिलं असतंस तर दिसलं असतं. मग मी माझा भुसा उडवला, देवचंदने त्याचं म्हटलं आणि शेवटचं आपण सगळे बरोबर. भिंतीपलीकडून गिरधरभाऊ म्हणाले, "आज गाडं पार गावले लागनं वं काकू." आणि तू उठून बाहेर गेलास. मला वाटलं एसटीला निघालास. तू त्यांच्या खाटेवर जाऊन बसलास. तुम्ही काय बोललात ते मी विचारणार नाही. देवचंद म्हणतो काहीच बोलला नाहीत, नुसते तंबाखू मळत बसला होता. सूनबाईला तंबाखूचं सांगत नाही, काळजी करू नकोस.

तू लिहितोस, आबांच्या धर्माने तुला काय दिलं ते तुला अजून कळत नाही. मला तरी कुठे नीट सांगता येतं. विहीर अर्धी झाली, माझ्या झग्याचं कापड गेलं, हे खरंच. पण आपल्या घरात माणूस निघून गेला तरी त्याची जागा रोज संध्याकाळी धरून ठेवलेली असते, आणि ती धरून ठेवणारी बाई तक्रार करत नाही, याहून मोठा आशीर्वाद मला माहीत नाही. मी कितीतरी घरांतल्या मुली सांभाळते आहे. कुठल्याच घरात हे पाहिलं नाही.

आता शेवटचं, म्हणजे मायने सांगितलेलं. तू जळगावला गेल्यावर चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. आदल्या संध्याकाळी मला जवळ बोलावून म्हणाली, "मना वाटा आधारनी पोरले दे." मी म्हटलं, "माय, ती तर तुझ्या चुका काढते." माय म्हणाली, "म्हनीसन तिलेच." मातीच्या वेळी तू होतास, पण तेव्हा बोलायला जमलं नाही. तुझी नजर त्या खड्ड्यावरून हलत नव्हती, आणि गिरधरभाऊंच्या हातातली कुदळ तू मागून घेतलीस. आज लिहून देते. एस्तेरला तिच्या आजीचा वाटा पोचला असं समज.

तिला पाठ करायला दोन दिवसही लागणार नाहीत. मनन म्हणजे काय असं विचारेल. शाळेतल्या बाईंनी सांगितलेला अर्थ सांगू नकोस. आजीच्या पदराची गोष्ट सांग.

आणि जळगावच्या तुमच्या खोलीत दिवा लावलात की पहिलं वचन सूनबाईने म्हणावं. लिलाबाईला मी विचारलं, ती म्हणाली आमच्याकडे मी म्हणते, तुमच्याकडे तिने म्हणावं, एका वाटणीची दोन घरं झाली तर झाली. मग एस्तेरचं होऊ दे. ते संपलं की घरात कुणी थांबायचं नाही आता. पान आधी म्हण, फळ आधी म्हण, आबा काही बोट उचलायला येणार नाहीत. पण थांबू नकोस. एस्तेरच्या पुढचा वाटा तुझा आहे.

तुझी,
शेवंताअक्का